बांधकाम करार व देयकांचे प्रमाणित नमुने : आरामबागच्या खटल्याचा धडा

विकास योजनांचा मोठा खर्च रस्ते, शाळा, रुग्णालये, गोदामे अशा बांधकामांवर होतो. हे बांधकाम प्रत्यक्षात कंत्राटदार करतो आणि पैसा शासन देते. या दोहोंमधील विश्वासाचा दुवा म्हणजे लेखी करार व देयकाचा नमुना. हा दुवा निसटला तर काय घडते, हे बंगालमधील एका जुन्या खटल्यावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

१९४३ च्या भीषण दुष्काळानंतर बंगालच्या नागरी पुरवठा विभागाला धान्य साठविण्यासाठी जागेची तातडीने गरज होती. १९४४ मध्ये हुगळी जिल्ह्यातील आरामबाग येथे बी. के. मंडल अँड सन्स या कंत्राटदार संस्थेने विभागासाठी तात्पुरती गोदामे बांधली. त्यांचे देयक चुकते झाले. त्याच सुमारास अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून संस्थेने कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कार्यालय, स्वयंपाकघर व आणखी काही साठवणूक शेड उभारल्या. या कामांची देयके अनुक्रमे २,३२२ रुपये ८ आणे आणि १७,००३ रुपये इतकी होती. विभागाने बांधकामाचा वापर केला. पैसे मात्र दिले नाहीत.

प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. भारत सरकार कायदा, १९३५ च्या कलम १७५(३) नुसार सरकारी करार गव्हर्नरच्या नावे व अधिकृत अधिकाऱ्यामार्फतच व्हावयास हवा. येथे तसा करार नसल्याने देणे लागत नाही, असा शासनाचा बचाव होता.

न्यायालयाचा निर्णय

उच्च न्यायालयाने कंत्राटदाराच्या बाजूने कौल दिला. शासनाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर १९६१ रोजी फेटाळले. बहुमताचा निर्णय न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर पुढे १९६४ मध्ये सरन्यायाधीश झाले.

विहित स्वरूपात नसलेला करार शासनावर बंधनकारक नाही, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आधार कंत्राटदारास मिळाला. या कलमाच्या तीन अटी अशा : काम कायदेशीरपणे केलेले असावे, ते फुकट करण्याचा हेतू नसावा, आणि दुसऱ्या पक्षाने त्याचा लाभ घेतलेला असावा. काम नाकारण्याचा पर्याय शासनाला खुला होता. ते स्वीकारल्यानंतर भरपाई देणे भाग ठरते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कलम ७० खाली मिळते ती कराराची किंमत नव्हे, तर लाभाचा वाजवी मोबदला. कंत्राटदाराला न्याय मिळाला खरा, पण १९४४ च्या कामासाठी १९६१ पर्यंत थांबून. राज्यघटनेच्या कलम २९९ ने सरकारी करारांच्या स्वरूपाची अट आजही कायम ठेवली आहे.

प्रमाणित नमुने

असे वाद टाळण्यासाठी प्रमाणित नमुने असतात. सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार शक्य तेथे कराराचे प्रमाणित नमुने वापरणे अपेक्षित आहे. पश्चिम बंगालच्या सार्वजनिक बांधकाम विभागात निविदेचा नमुना क्रमांक २९११ परिचित आहे, तर महाराष्ट्रात टक्केवारी दराच्या निविदेसाठी बी-१ आणि बाबनिहाय दरासाठी बी-२. खासगी इमारतींसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या करार-अटी आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर फिडिक या अभियंता महासंघाची करार-अटींची संहिता १९५७ पासून प्रचलित असून ती ‘रेड बुक’ या नावाने ओळखली जाते.

नमुन्यामुळे कामाची व्याप्ती, दर, मुदत, विलंबाची भरपाई, जादा काम व तंटा सोडविण्याची पद्धत आधीच ठरते. आरामबागला जादा कामासाठी नेमकी विहित स्वरूपातील कराराचीच उणीव होती.

देयकाची रीत

बांधकाम चालू असताना ठरावीक टप्प्यांवर चालू देयके आणि काम पूर्ण झाल्यावर अंतिम देयक सादर होते. सरकारी कामात मोजमाप पुस्तिकेतील नोंद हा त्यांचा पाया. खासगी कामात सहसा वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र. देयकाची आकारणी आरंभापासूनच्या एकूण कामावर होते. समजा, आजवरचे काम ६० लाख रुपयांचे आहे. ५ टक्के म्हणजे ३ लाख रुपये सुरक्षा ठेव म्हणून राखले आणि पूर्वी ३८ लाख रुपये दिलेले आहेत. तर करवजावट विचारात न घेता आता देय रक्कम १९ लाख रुपये होईल. या रीतीने आधीच्या देयकातील चूक पुढच्या देयकात आपोआप दुरुस्त होते, हा तिचा मोठा लाभ.

मात्र नमुना अचूक असूनही पैसे रखडले, तर लहान कंत्राटदार मोडून पडतो आणि मजुरांची मजुरी थकते. म्हणूनच केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये पात्र चालू देयकाची किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत, तर उर्वरित रक्कम अंतिम तपासणीनंतर देयक सादर झाल्यापासून २८ कामकाजाच्या दिवसांत देण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे.

निष्कर्ष

प्रमाणित नमुना सार्वजनिक पैशाला संरक्षण देतो आणि काम करणाऱ्याच्या हक्कालाही. निकडीच्या वेळी कागदपत्रे मागे पडतात; परंतु निकड जितकी मोठी, तितकी लेखी आदेशाची गरज अधिक. विहित कराराविना शेड काही दिवसांत उभी राहू शकते. तिचे पैसे मिळण्यास सतरा वर्षे लागू शकतात, हाच आरामबागचा धडा आहे.