खिलारीलाही सुई हवी गं

अगं, परवा कुपवाडला तुझ्याकडे आले तेव्हा चारचौघांत बोलले नाही, म्हणून आता बोलते. लस टोचायला डॉक्टर दारात आले, तर तू एचएफ म्हणजे होल्स्टीन गाय पुढे केलीस आणि गाभण देशी खिलारी मागेच बांधून ठेवलीस. "आक्का, तिला काय धाड भरणार?" म्हणालीस.

तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. ते अर्धं मी कालवड गमावून शिकले. माझी संकरित कालवड गोचीडतापानं गेली. खांद्यापुढची गाठ सुजलेली, अंग तापलेलं, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. त्याच दावणीची खिलारी मात्र वैरण ओढत उभी होती. देशी जनावराच्या अंगावर गोचीड कमी टिकतो. कातडी थरथरवून ते माश्याही झटकतं. गोचिडातून थायलेरियाचे, म्हणजे गोचीडतापाचे, जंतू रक्तात गेले, तरी त्याचं शरीर त्यांना आवर घालतं. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी देशी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना मुद्दाम हा रोग देऊन पाहिला, ते 2005 मध्ये छापून आलं. साहिवालना ताप कमी आला आणि ती सावरली. होल्स्टीनना मात्र रोगानं पार खाली आणलं. हजारो वर्षं या गोचिडांत वाढलेलं रक्त आहे ते. म्हणून आटपाडी-जतकडच्या माळावर खिलार तगलं.

पण हा चिवटपणा सगळ्या रोगांना पुरत नाही गं. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगावकडे गुरांचा लंपी रोग सुरू झाला आणि बघता बघता राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले. तेव्हा खिलारांच्या अंगावरही गाठी उठल्या, वासरं तर फार हाल होऊन गेली. घटसर्प आणि फऱ्याही जात विचारत नाहीत. लाळ्या-खुरकुतात देशी जनावर कमी खंगतं, पण रोग होतो आणि दावणीला पसरतोही.

तेव्हा एचएफ विकू नकोस, तुझं घर तिच्या दुधावर चालतं. तिच्यासाठी गोठ्याच्या भिंतीच्या भेगा बुजव, गोचीड तिथंच अंडी घालतो. ताप दिसला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. थायलेरियावर औषध आहे, पण ते वेळेत पडलं तरच.

आणि उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन खिलारीची राहिलेली सुई देऊन घे. तिच्या पोटात वासरूही आहे.