लाह : एकमेकांची ओझी

वाचन : प्रेषितांची कृत्ये 15:1-21, गलतीकरांस पत्र 6:1-10



नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुका सातपुड्याच्या डोंगरात, नर्मदेच्या दक्षिणेस आहे. येथील भिल्ल व पावरा पाड्यांत 'लाह' ही जुनी रीत आहे. कोणाला घर बांधायचे असो की शेत निंदायचे असो, तो निरोप धाडतो आणि शेजारीपाजारी कामाला येतात. मजुरी नाही, घरधनी जेवण देतो. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. गरिबाचे घरही असेच उभे राहते.

जेवणाबरोबर मोहाची दारूही असते. म्हणून एका पाड्यातील नव्या विश्वासणाऱ्यांना मी सांगितले, "लाहला जाऊ नका." त्यांनी ऐकले. पुढे पावसाळ्यापूर्वी त्यांच्यातील एकाचे घर शाकारायचे होते, तेव्हा कोणी आले नाही. पाड्यातले एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "भाऊ, दारू नको, हे समजलं. पण शेजाऱ्याच्या घराला हात लावू नका, हेही तुमच्या देवानंच सांगितलं का?"

मी निरुत्तर झालो.

अंत्युखियाच्या मंडळीपुढे असाच प्रश्न होता. ख्रिस्ताकडे येणाऱ्या परराष्ट्रीयांनी आधी यहूदी रीत स्वीकारावी, असे काहींचे म्हणणे होते. यरुशलेमेतील सभेने तसे जू त्यांच्या मानेवर ठेवले नाही. मूर्तीला अर्पिलेले, जारकर्म, रक्त, गळा दाबून मारलेले, एवढे नेमके वर्ज्य सांगितले. मी मात्र दारूबरोबर शेजारही सोडायला लावला! पौल गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहायला सांगतो. हे लोक ती पिढ्यान्‌पिढ्या वाहत आले आहेत.

मी विश्वासणाऱ्यांची क्षमा मागितली. ते पुन्हा लाहला जाऊ लागले. भाकरी आणि उडदाची डाळ सगळ्यांबरोबर खातात, दारू घेत नाहीत. त्यांच्याकडे बिनदारूची लाह असते. सगळे शेजारी येत नाहीत, पण येतात.

दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. आधीच हात कमी पडतात. निदान मंडळीमुळे तरी ही रीत तुटू नये.

चिंतनासाठी :
1. आपण सुवार्तेबरोबर स्वतःच्या कोणत्या रीती लादतो?
2. आपल्या शेजारात ओझी वाहण्याची कोणती जुनी रीत उरली आहे?

प्रार्थना : ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी आणि मागे राहिलेल्या वृद्धांसाठी.