फोटोवरून डोंगराचं सरकणं कसं कळतं?

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात आमच्या घरामागच्या डोंगराला भेग पडली. ड्रोनने फोटो काढले की डोंगर सरकतोय का ते कळतं म्हणे. वरून काढलेला फोटो तर सपाट, मग कळतं कसं?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : नाकासमोर बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. समोरच्या भिंतीवर बोट इकडून तिकडे उड्या मारतं. बोट जितकं जवळ, तितकी उडी मोठी. ड्रोनची सगळी करामत एवढीच, फक्त त्याला शेकडो डोळे. प्रत्येक फोटोतला सत्तर-ऐंशी टक्के भाग पुढच्या फोटोतही येईल असा तो उडतो. एकच दगड अनेक कोनांतून दिसला की संगणक त्याची जागा आणि उंची काढतो. शंभरेक मीटरवरून काढलेल्या फोटोत एक ठिपका म्हणजे जमिनीचे दोन-तीन सेंटिमीटर.

सरकणं कळायला मात्र काही महिन्यांनी पुन्हा उडवून दोन नकाशे ताडून पाहावे लागतात. त्यासाठी पक्क्या कातळावर रंगाने फुल्या मारून त्यांची जागा जीपीएसने मोजून ठेवतात. हे कंटाळवाणं काम टाळलं, तर सरकतो नकाशा आणि नाव डोंगराचं!

फ्रान्सच्या आल्प्समध्ये सुपर-सोझ नावाची सरकती दरड आहे. तिथे ऑक्टोबर २००८ मधले ड्रोनचे फोटो मे २००७ च्या विमानातून घेतलेल्या फोटोंशी ताडले, तेव्हा जमीन ७ ते ५५ मीटर सरकलेली निघाली. पण तो उतार उघडाबोडका, काळ्या चिकणमातीचा. आपल्या सह्याद्रीत कॅमेऱ्याला दिसतात ती पानं. लेसरने मोजणारा लायडार पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतो, पण तो महाग. शिवाय माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या तिन्ही दरडी जुलैतल्या, म्हणजे पावसात-धुक्यात ड्रोन पेटीतच राहतो तेव्हाच्या. म्हणून उड्डाण मेमध्ये एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा करावं.

तोवर उघडीप बघून भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, मधलं अंतर टेपने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. अंतर वाढत असेल, झाडं कलू लागली असतील किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल, तर फोटोबिटोची वाट पाहू नका. आधी घर सोडा, मग तहसील कार्यालयाला कळवा.