सर्व्हरच्या कामाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पाल्याने संगणकाच्या क्षेत्रात जावे असे मनातून वाटत असले, तरी तेथे जाऊन त्याने नेमके कोणते काम करावयाचे हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. आणि जाहिरातींतून भाषांची व अभ्यासक्रमांची नावेच तेवढी कानांवर येत असल्यामुळे, ज्या कामाच्या बळावर कारकीर्द उभी राहावयाची त्याचे स्वरूप अखेरपर्यंत अज्ञात राहते. म्हणून सर्व्हरवरील, म्हणजे वाचकांना पाने पुरविणाऱ्या संगणकावरील, प्रोग्रामिंगमधील एकच लहानसे काम, म्हणजे आलेली विनंती एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे वळविण्याचे, येथे तपशिलाने पाहणे हितावह होईल.

ब्राउझरने एखादे पान मागितले असता सर्व्हर त्या पानाऐवजी तीन अंकी संकेतांक आणि 'लोकेशन' या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळीत, नवा पत्ता पाठवितो, आणि ब्राउझर वाचकाला न विचारता त्या पत्त्यावर नवी विनंती करतो. स्थलांतर कायमचे असेल तर ३०१ आणि हंगामी असेल तर ३०२ हे संकेतांक रूढ आहेत. पीएचपी भाषेत ही सारी तजवीज 'हेडर' या फंक्शनच्या एका ओळीत होते, आणि त्यामुळेच हे काम क्षुल्लक आहे असा नवख्याचा समज होतो.

वास्तविक त्या एका ओळीमागे विचारांची मोठी शिस्त आहे. पानाचा मजकूर रवाना होऊ लागल्यावर हेडर पाठविता येत नाही, म्हणून ती ओळ मजकुराच्या आधीच अमलात आली पाहिजे. आणि तिच्या पाठोपाठ 'एक्झिट' लिहून प्रोग्राम थांबविला नाही, तर लॉगिन न केलेल्या माणसाला परत पाठविल्याचा भास होत असतानाच, त्याला निषिद्ध असलेला मजकूर उत्तरासोबत बाहेर जाऊ शकतो. हंगामी बदलासाठी ३०१ वापरला, तर ब्राउझर तो स्मरणात ठेवून, सर्व्हरवरील दुरुस्तीनंतरही वाचकाला चुकीच्याच जागी नेत राहू शकतो. शुल्काचा अर्ज स्वीकारल्यावर ३०३ देऊन पोचपावतीच्या पानाकडे वळविले, तर पान पुन्हा लोड केल्याने तोच अर्ज दुसऱ्यांदा जात नाही. नवा पत्ता विनंतीतूनच घेऊन त्याची खातरजमा न करता पुढे धाडणे तर सर्वांत घातक, कारण विश्वासू संस्थेच्या दुव्याआडून भामटे लोकांना आपल्या बनावट पानावर नेतात. या दोषाचा समावेश ओडब्ल्यूएएसपी या वेब-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१३ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत केला होता.

प्रत्येक ओळीचा परिणाम न दिसणाऱ्या वाचकापर्यंत पोचतो याची जाणीव असणे, हीच या व्यवसायाची खरी पात्रता होय. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली पत्ते चिरस्थायी असावेत असा आग्रह धरला, तो याच जाणिवेतून. आणि पत्ता बदलणे अपरिहार्य झाल्यास जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला वाऱ्यावर न सोडणे, हे प्रोग्रामरचे कर्तव्य ठरते.

या कामाकडे जाण्याचे मार्ग अनेक आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका, किंवा बारावीनंतर बीसीए, संगणकशास्त्रातील बीएस्सी वा अभियांत्रिकी, यांपैकी घरच्या परिस्थितीला झेपेल तो निःशंकपणे निवडावा, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेशाची सोय आहे हेही ध्यानी ठेवावे. विद्यार्थ्याने मात्र महाविद्यालयाच्या भरवशावर न राहता, अपाचे हा सर्व्हर-प्रोग्राम व पीएचपी ही विनामूल्य साधने स्वतःच्या संगणकावर बसवून प्रत्येक संकेतांकाचा प्रयोग करावा, ब्राउझरच्या नेटवर्क विभागात येणारी उत्तरे निरखावीत, आणि सर्वांना खुले असलेले, २०२२ साली प्रसिद्ध झालेले, एचटीटीपीचे, म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांचे, मानक आरएफसी ९११० मुळातून वाचावे.

पालकांना एवढीच विनंती की, पाल्य किती भाषा शिकला याची मोजदाद करण्याऐवजी, त्याने लिहिलेल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून 'ही चुकली तर कोणाचे नुकसान होईल?' असे विचारावे. त्याचे उत्तर तो सविस्तर देऊ लागला, की योग्य शिक्षण चालू आहे असे खुशाल समजावे.