त्वचेचे नेहमीचे आजार व जखमा : कारणे, लक्षणे आणि उपचार



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला वाटेल, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

तिसरीच्या वर्गात एक मुलगी सारखी हात खाजवायची. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या. शेजारच्या मुली कुरकुर करू लागल्या, म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. आईला बोलावलं आणि "स्वच्छतेकडे जरा लक्ष द्या" असं सांगितलं. आई म्हणाली, "बाई, रोज आंघोळ घालते. तीनदा मलम आणलं. बरं होतं आणि परत येतं."

परत का येतं, हे मीही विचारलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "ही रात्री कुणाजवळ झोपते?" ती आजीच्या गोधडीत झोपायची आणि आजीचेही हात खाजत होते. आजीला कुणी काही विचारलंच नव्हतं. घरातल्या पाचही जणांनी एकाच रात्री औषध लावलं आणि महिन्याभरात घर मोकळं झालं. पण मुलगी बरी झाल्यावरही आपणहून शेवटच्याच बाकावर जाऊन बसायची. ती सवय मोडायला मला कितीतरी दिवस लागले.

म्हणून हा लेख. त्वचेचा आजार सगळ्यांना दिसतो आणि त्यामुळे मुलाला औषधाच्या आधी लाज मिळते. आपण शिक्षक-पालकांनी नेमकं काय ओळखायचं आणि काय टाळायचं, ते क्रमाने पाहू.

त्वचेचे काम

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव. वरची बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा आणि त्याखाली चरबीचा थर. जंतूंना अडवणे, शरीरातले पाणी टिकवणे, घामावाटे तापमान सांभाळणे आणि स्पर्श, उष्णता, वेदना यांची जाणीव करून देणे ही तिची मुख्य कामे. यातली 'जाणीव' लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१) खरूज

*कारण :* डोळ्यांना सहज न दिसणारा एक सूक्ष्म किडा. मादी त्वचेत बीळ करून अंडी घालते. जवळ झोपणे, बराच वेळ हात हातात धरणे, एकच पांघरूण वापरणे यातून तो पसरतो. रोज आंघोळ करणाऱ्या घरातही खरूज होते, त्यामुळे 'अस्वच्छ' हा शिक्का मारू नका.

*लक्षणे :* रात्री वाढणारी खाज. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती आणि जांघेत पुळ्या. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे खाज नसलेला माणूसही घरात किडा बाळगून असू शकतो!

*उपचार :* डॉक्टर साधारणपणे परमेथ्रिनचे मलम देतात. ते फक्त पुळ्यांवर लावून भागत नाही, मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावून रात्रभर ठेवायचं. तान्ह्या बाळांसाठी पद्धत वेगळी असते, ती डॉक्टरांनाच विचारा. साधारण एक-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी. त्याच दिवशी कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. जाड गोधडी धुता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय हा किडा दोन-तीन दिवसच जगतो.

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. "औषध लागू पडलं नाही" असं समजून रोज मलम चोपडू नका. पहिलं औषध लावून झालं की मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ शकतं.

२) गजकर्ण (नायटा)

*कारण :* बुरशी. घाम, ओले किंवा घट्ट कपडे, दुसऱ्याचा टॉवेल, कधी कुत्र्या-मांजराचा स्पर्श.

*लक्षणे :* गोल चट्टा, कडा उठावदार व लालसर, मधला भाग साफ. डोक्यात झाले तर केस तुटून टक्कल पडल्यासारखा गोल दिसतो.

*उपचार :* बुरशीनाशक मलम. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस ते चालू ठेवायचं. डोक्यातल्या गजकर्णाला नुसतं मलम पुरत नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेडिकलमधून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि आपल्याला वाटतं वा, काय छान औषध! प्रत्यक्षात स्टिरॉइडमुळे त्वचेचा प्रतिकार दबतो आणि खाली बुरशी आरामात पसरते. मलम बंद केलं की चट्टे दुप्पट जोमाने येतात, त्यांचा गोल आकारही बिघडतो, त्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणं कठीण जातं. जास्त दिवस वापरलं तर त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती घराघरांत सापडतात. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून त्यांची ट्यूब आपल्या मुलाला लावू नका.

३) पुळ्या, खपल्या आणि गळू

*कारण :* जिवाणू. खरूज किंवा डास चावल्यावर खाजवून झालेल्या ओरखड्यातून ते आत शिरतात.

*लक्षणे :* नाकातोंडाजवळ किंवा हातापायांवर पाणीदार पुळ्या फुटतात आणि मधाच्या रंगाची खपली धरते. केसाच्या मुळाशी झाले तर केसतोड, मोठे व पू भरलेले झाले तर गळू.

*उपचार :* साबण-पाण्याने हळूच धुणे, नखे कापणे आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक. गळू दाबून फोडू नका. काही वेळा अशा पुळ्यांनंतर मूत्रपिंडाला सूज येते. पुळ्या येऊन गेल्यावर काही आठवड्यांत मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर-तपकिरी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

४) पांढरट चट्टे : कुठला साधा, कुठला नाही?

मुलांच्या गालावर फिकट, कोरडे चट्टे दिसले की "कॅल्शियम कमी आहे" किंवा "जंत झालेत" असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा हा कोरड्या त्वचेचा सौम्य प्रकार असतो आणि खोबरेल तेल किंवा साधं क्रीम लावून हळूहळू जातो. घाम येणाऱ्यांच्या पाठी-छातीवर येतात ती शिबं. ती बुरशीमुळे होतात. कोड म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट होणे. ते कुणाला स्पर्शाने होत नाही.

पण एका चट्ट्याकडे दुर्लक्ष नको : फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा आणि बधिर. वर म्हटलेली 'जाणीव' इथे हरवलेली असते. तो कुष्ठरोग असू शकतो. दुखत नाही म्हणून मूल सांगत नाही आणि खाजत नाही म्हणून आपण पाहत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर हातापायांच्या नसा कायमच्या अधू होतात. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतो, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच संसर्गाची भीती राहत नाही. ३० जानेवारीला आपण शाळेत कुष्ठरोगाविरुद्ध शपथ घेतो. तिचा खरा अर्थ असा चट्टा वेळेत दाखवणे हा आहे.

५) जखमा

*खरचटणे, कापणे :* आधी आपले हात धुवा. वाहत्या स्वच्छ पाण्याने जखमेतली माती काढा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उघडून बघू नका. चहापूड, माती, शेण काहीही लावू नका. जखम खोल असेल, तोंड उघडं राहत असेल किंवा गंजलेली वस्तू लागली असेल तर टाके आणि धनुर्वाताची लस यासाठी दवाखान्यात न्या. मुलाचं लसीकरणाचं कार्ड जवळ ठेवा.

*भाजणे :* ताबडतोब नळाच्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. घड्याळ लावून, कारण आपल्याला पाच मिनिटंच वीस वाटतात. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद, शाई नको. अंगठी-बांगड्या सूज येण्याआधी काढा, चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले असेल, मुलाच्या तळहातापेक्षा मोठा भाग असेल किंवा विजेने वा रसायनाने भाजले असेल तर थेट रुग्णालय. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

*कुत्रा चावणे :* साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा आणि सर्व मात्रा पूर्ण करा. रेबीज झाल्यावर वाचवणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून "नुसता ओरखडा आहे" म्हणून सोडू नका.

शाळेत आपण काय करू शकतो?

१. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते. खरूज, बुरशी, इसब हे त्यांच्या तपासणीत बसतात. ज्या मुलांबद्दल शंका आहे त्यांची नावे आधीच काढून ठेवा, वर्गात मोठ्याने वाचू मात्र नका.

२. पालकांना एकटं बोलवा. "स्वच्छता ठेवा" ऐवजी "घरात अजून कुणाला खाजतं का?" हे विचारा. या एका प्रश्नाने उपचाराची दिशा बदलते.

३. सोपा उपक्रम : एका मुलाच्या तळहाताला थोडी रांगोळी लावा आणि त्याला तिघांशी हात मिळवायला सांगा, मग त्या तिघांना आणखी तिघांशी. शेवटी सगळे हात बघा. संसर्ग कसा पसरतो आणि पहिल्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता, या दोन्ही गोष्टी मुलं स्वतःच सांगतात. माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "बाई, त्याला तर तुम्हीच लावली होती!"

४. टॉवेल, कंगवा, टोपी आपापली वापरणे, नखे आठवड्याला कापणे आणि घामाचे कपडे रोज बदलणे या सवयी सगळ्या वर्गाला एकत्र सांगा. कुणा एकाकडे बघून नको.

उद्या वर्गात गेलात की एकदा शेवटच्या बाकाकडे बघा. तिथे कुणी एकटं बसलं असेल तर का बसलंय, ते विचारा. औषध डॉक्टर देतील, पण त्या मुलाला पुढे बोलावून घेणं आपल्याच हातात आहे.