दूध कोणाचे?

दूध कोठून येते, असे पहिलीच्या वर्गात विचारले की "पिशवीतून" हे उत्तर हमखास मिळते. आम्ही त्यास हसत नाही; मुलांना गोठ्याकडे नेतो.

तेथे प्रथम एवढेच सांगतो की, गाय व्याल्यावाचून दूध देत नाही. सुमारे नऊ महिने गर्भ वाहून ती वासराला जन्म देते आणि तिला दूध येते ते त्याच्यासाठी. व्याल्यानंतरचा घट्ट, पिवळसर चीक वासराला रोगांशी झुंजण्याचे बळ देतो. म्हणून पहिल्या काही तासांतच तो त्याच्या पोटात गेला पाहिजे. खरवस आवडीने खाणारी मुले हे ऐकून गप्प होतात. एकदा एका मुलीने विचारले, "म्हणजे आपण वासराचे दूध पितो?"

या प्रश्नाला बगल देणे सोपे असते. परंतु मुलांशी असत्य बोलून करुणा शिकविता येत नाही. होय, आपण त्याच्या वाट्यातले घेतो. म्हणून आधी वासराचे पोट भरावे आणि गाईला चारा, पाणी, सावली व हिंडण्यास जागा द्यावी. पुरेसे अन्नपाणी वा निवारा न देणे, तसेच जनावर आखूड साखळीने तासन्‌तास जखडून ठेवणे, यांस १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानेही क्रूरताच ठरविले आहे.

परतण्यापूर्वी मुले आळीपाळीने हौदात पाणी भरतात. त्या रात्री वसतिगृहात कोणाच्याही पेल्यात दूध उरत नाही.