शाळेतलं औषध: खर्च किती, मोफत काय

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच सुमाराला अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पाऊस धरतो. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत आणि दम्याच्या मुलांचा श्वास लागायला लागतो. म्हणून मुलाच्या औषधाची व्यवस्था शाळेच्या पहिल्याच आठवड्यात लावून टाकावी. त्याला लागणारे पैसे बहुतेक घरांना झेपण्यासारखे आहेत. गोंधळ होतो तो औषध कोणाच्या ताब्यात आहे आणि कधी द्यायचं, हे कुठेच लिहून ठेवलेलं नसतं म्हणून.

दम्यापासून सुरुवात करू. झटका आल्यावर वापरायचा सालब्युटामॉलचा पंप मेडिकलमध्ये साधारण दीडशे ते दोनशे रुपयांना मिळतो आणि त्यात 200 फवारे असतात. घरी एक असला तरी शाळेसाठी दुसरा घ्याच. तोच पंप दप्तरातून नेला-आणला की नेमका हवा त्या दिवशी घरी राहतो. सोबत स्पेसर हवा; प्लास्टिकची ही नळी अडीचशे ते पाचशे रुपयांत येते आणि नीट धुतली तर बराच काळ टिकते. स्पेसर नसेल तर लहान मुलाच्या बाबतीत औषध छातीपेक्षा घशातच जास्त बसतं. वर्गशिक्षकांना एकदा समोर करून दाखवा: मुलाला ताठ बसवायचं, पंप हलवायचा, एका वेळी एकच फवारा मारायचा, मग नळीतून शांतपणे चार श्वास. असे चार फवारे झाले की चार मिनिटं थांबायचं. उतार नसेल तर पुन्हा चार, आणि तेवढ्यात 108 ला फोन. ओठ निळसर दिसले किंवा मुलाला एक वाक्य सलग बोलता येईना, तर वाट न बघता आधी फोन करायचा.

मधुमेही मुलाचा खर्च जास्त आणि रोजचा. साध्या मानवी इन्सुलिनची 10 मिलीची बाटली दीडशे रुपयांच्या आसपास असते. नव्या प्रकारची इन्सुलिनं आणि पेनं त्याच्या कितीतरी पट. खरा खर्च तपासणीच्या पट्ट्यांचा. एक पट्टी बारा ते वीस रुपये आणि दिवसाला चार वेळा तपासायचं, म्हणजे महिन्याला दीड ते अडीच हजार तेवढ्यालाच. यंत्र घेताना म्हणूनच पट्टीचा भाव आधी विचारा. स्वस्त यंत्राच्या पट्ट्या महाग निघतात. जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. शाळेत ठेवायला मात्र साखर पुरते. हात थरथरले, घाम फुटला, शुगर 70 च्या खाली आली, की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. वर्गात शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि मधल्या वेळी खायला मुलाला मुभा द्यावी, असं राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये कळवलं आहे. कोणी नाही म्हणालं तर त्याचा दाखला द्या.

किनाऱ्यावर आणखी एक काळजी विजेची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागातली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे चालते. फ्रीज बंद असेल तर बाटली कोरड्या डब्यात घालून तो डबा पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावा. बर्फाला थेट टेकवू नये, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

आता मोफत काय ते बघा, कारण यातलं बरंच घरात माहीत नसतं. शासकीय शाळांत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती जेवणानंतर घ्यायची. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते. ती चावून खायची, आणि त्या दिवशी मुलाला ताप असेल तर तसं बाईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक शासकीय शाळांत वर्षातून एकदा तपासणी करतं, आणि हृदयाचा जन्मजात दोष निघाला तर पुढची शस्त्रक्रियाही मोफत होते. 15 ऑगस्ट 2023 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. कुत्रं चावल्यावरची लस आणि सर्पदंशावरचं औषध तिथे विनामूल्य आहे. 108 ची गाडीही फुकट.

विंचवाचं वेगळं सांगायला हवं, कारण लाल विंचवाच्या दंशावरचा उपाय जगाला याच रायगड जिल्ह्याने दिला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र ही गोळी डॉक्टरांनीच द्यायची आहे. शाळेने मुलाला झाडपाल्यासाठी कोणाकडे न नेता थेट दवाखान्यात न्यावं. आगरदांड्याहून दिघीकडे फेरीबोटीने जाणाऱ्या पालकांनी जवळचं रुग्णालय आणि रात्रीचा रस्ता आधीच बघून ठेवावा.

शाळेला द्यायचं पत्र एका पानात बसतं. त्यात औषधाचं नाव, मात्रा, वेळ, कोणती लक्षणं दिसली की द्यायचं, दोन फोन नंबर आणि तुमची सही. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. औषध मूळ खोक्यातच द्या, पुडीत बांधून नको. गोळ्या कपाटात कुलपाखाली राहू देत, पण पंप आणि साखर कुलपात नको. चावी शोधण्यात जाणारा वेळ मुलाला परवडत नाही. आणि एखादी शाळा वार्षिक ‘आरोग्य शुल्क’ घेत असेल तर त्यात काय येतं ते लेखी मागा. तपासणी आधीच मोफत होत असेल तर ते पैसे कशाचे, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेतलं औषध घरी आणून मुदत बघा, पंपात किती फवारे उरलेत ते आकड्यावर वाचा. आकडा नसेल तर पंप पाण्यात बुडवून बघू नका, त्याने नक्की काही कळत नाही. कितीदा वापरला ते वहीत लिहीत चला.